रंगांचा तो तक्ता भिंतीवरून काढा

प्रश्न : मी आठवीला इंग्रजी शिकवते. रंग असलेल्या इंग्रजी वाक्प्रचारांचा मोठा तक्ता केला. लाल खडूने लालचे, हिरव्याने हिरव्याचे, असे तीस. मुलांनी आठवडाभर घोकले. चाचणीत एकाने लिहिलं, ‘माय फादर वॉज ग्रीन विथ अँगर.’ दुसरीच्या वाक्यात बक्षीस मिळवलेली मुलगी ‘कॉट रेड-हँडेड’ होती. बाई, माझं नेमकं कुठे चुकतंय?
— एक शिक्षिका, पंढरपूर

उत्तर : तुमचं शिकवणं ठीक असेल, तक्ता वाईट आहे. तो आजच उतरवा. मागची बाजू कोरी असेल तर वर्गाला उपयोगी पडेल.

रागाचं ‘सी रेड’, मत्सराचं ‘ग्रीन विथ एन्व्ही’ आणि उदासीचं ‘फील ब्लू’ एकाच दिवशी शेजारी शेजारी मांडली, की मुलाला एवढंच आठवतं की इथे कुठलातरी रंग होता आणि कुठलीतरी भावना होती. मग तो हाताला लागेल ती जोडी लावतो. भाषाशिक्षणाचे संशोधक थॉमस टिंकहॅम यांनी 1993 मध्ये हेच तपासून दाखवलं होतं. एका गटातले नवे शब्द एकत्र शिकायला, एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त कष्ट पडतात. पुढे रॉब वेअरिंग यांनी जपानी विद्यार्थ्यांवर तसाच प्रयोग केला, निष्कर्ष तोच निघाला. पाठ्यपुस्तकं मात्र अजून फळं एका पानावर, प्राणी एका पानावर आणि रंग एका पानावर देतात. छापायला सोयीचं पडत असावं.

रंग विसरा, प्रसंग धरा. मैदानावरून गुडघा फोडून आलेला मुलगा समोर उभा असेल त्या दिवशी ‘ब्लॅक अँड ब्लू’ सांगा. आपण मार खाऊन काळेनिळे होतो, तेही अगदी त्याच क्रमाने. मधल्या सुट्टीत दुसऱ्याचा डबा उघडताना कोणी सापडला, तर ‘रेड-हँडेड’ची वेळ आली. हा शब्द स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यातला. हाताला रक्त लागलेलं असतानाच पकडलेला तो. आपलं ‘रंगेहाथ’ मुलांना ठाऊकच आहे, तेव्हा इथे पाच मिनिटंही लागत नाहीत.

त्यानंतर ज्यांच्यामागे खरीखुरी वस्तू आहे असे शब्द घ्या. ‘रेड टेप’साठी तलाठी कार्यालयातले फितीने आवळलेले गठ्ठे आठवायला सांगा. इंग्लंडमध्ये वकिलांची कागदपत्रं आजही गुलाबी फितीने बांधतात. ‘ब्लूप्रिंट’ही तसाच. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये छपाईची एक रासायनिक पद्धत शोधली, तिच्यात निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा उमटायच्या. इमारतींचे नकाशे पुढे कित्येक वर्षं तसेच निघत. गावातल्या एखाद्या जुन्या ओव्हरसियरकडे असा कागद असेल तर वर्गात आणा. मी आणला होता, आणि त्या वर्गातल्या कुणालाच ‘ब्लूप्रिंट’चा अर्थ पुन्हा विचारावा लागला नाही.

खरा वेळ द्यायचा तो फसव्या शब्दांना. ‘व्हाइटवॉश’ घ्या. 2024 मध्ये न्यूझीलंडने आपल्याला आपल्याच देशात 3-0 ने धुतलं. त्यातल्या दोन कसोटी पुण्यात आणि वानखेडेवर झाल्या, म्हणून आपल्या मुलांना हा अर्थ चांगलाच झोंबलेला आहे. पण चौकशी समितीचा अहवाल ‘व्हाइटवॉश’ असतो तेव्हा तिथे कोणी हरलेलं नसतं, दोष झाकलेले असतात. आणि मूळ अर्थ भिंतीला चुन्याची सफेदी. इथे एखादा हुशार मुलगा हमखास विचारतो, ‘म्हणजे चुना लावणे का?’ नाही. आपल्याकडे चुना लावला की समोरचा फसतो, इंग्रजीत चुना फासला की डाग लपतात. हा फरक फळ्यावर लिहाच.

‘ग्रीन’चंही तसंच. इंग्रजीत नोकरीवर नव्याने लागलेला अननुभवी पोरगा ‘ग्रीन’ असतो, आपल्याकडे ‘हिरवट’ म्हटलं की डोळ्यांसमोर वेगळेच गृहस्थ येतात. आणि ‘आय अ‍ॅम फीलिंग ब्लू’ म्हणताच मागच्या बाकावर का खसखस पिकते, ते तुम्हाला मी सांगायला नको. हसू द्या. हसलेलं वाक्य विसरत नाहीत.

तक्त्यावर मावतच नाही अशी एक गोष्ट म्हणजे जोर. ‘ग्रीनहाउस’मध्ये ‘ग्रीन’वर जोर दिला तर ते भाजीपाल्याचं हरितगृह, ‘हाउस’वर दिला तर हिरव्या रंगाचं घर. ‘ब्लॅकबोर्ड’, ‘व्हाइट हाउस’ यांचंही तेच. आपण मराठी माणसं दोन्ही भाग सारख्याच वजनाने म्हणतो. हे तोंडी करून घ्या, लेखी परीक्षेत ते येणार नाही.

प्रश्न : नातीने ‘वन्स इन अ ब्लू मून’ पाठ केलं आणि मला विचारलं, ‘आजोबा, चंद्र निळा कधी होतो?’ काय सांगू?
— एक निवृत्त पोस्टमास्तर, रत्नागिरी

उत्तर : रंगाने निळा चंद्र क्वचितच दिसतो. 1883 मध्ये क्राकातोआ ज्वालामुखीचा स्फोट झाल्यावर हवेतल्या राखेमुळे लोकांना तसा दिसला होता. एरवी इंग्रजी एका महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ‘ब्लू मून’ म्हणतात. हा अर्थ 1946 मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या अमेरिकी मासिकातल्या एका लेखाच्या चुकीने रूढ झाला. तिकडच्या जुन्या पंचांगात हिशेब ऋतूवर होता : एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या, तर तिसरी ‘ब्लू’.

पण तुमच्याकडे याहून चांगलं उत्तर आहे, भिंतीवरच्या कालनिर्णयात. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी तोकडं, म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी आपण अधिक मास धरतो. ब्लू मूनही तेवढ्याच अंतराने येतो, कारण शिल्लक तीच. 2023 च्या 1 ऑगस्टला अधिक श्रावणाची पौर्णिमा होती आणि 30 तारखेला नारळी पौर्णिमा. 2026 च्या मे महिन्यात 1 आणि 31 ला पौर्णिमा आणि तेव्हा अधिक ज्येष्ठ. नातीला सांगा, जावयाला अनारसे मिळतात त्याच सुमारास ब्लू मून येतो. अर्थ ‘कधीच नाही’ असा नाही, ‘सठीसहामासी’ असा आहे, हे मात्र पक्कं करून घ्या. मुलं तिथे चुकतात.

प्रश्न : परदेशी क्लायंटने आमच्या कागदपत्रांतून ‘ब्लॅकलिस्ट’, ‘व्हाइटलिस्ट’ काढायला सांगितलं. मग ‘ब्लॅकमेल’ही काढायचं का?
— एक सॉफ्टवेअर इंजिनिअर, हिंजवडी

उत्तर : पहिले दोन काढा. ब्रिटनच्या नॅशनल सायबर सिक्युरिटी सेंटरनेही 2020 मध्ये ते सोडून ‘अलाउ लिस्ट’ (परवानगी असलेल्यांची यादी) आणि ‘डिनाय लिस्ट’ (मनाई असलेल्यांची) घेतले. काळं म्हणजे वाईट, पांढरं म्हणजे चांगलं, हे ऐकून घेणाऱ्याला खुपत असेल तर आपण हट्ट कशाला धरायचा? शिवाय नवे शब्द काम थेट सांगतात. ‘ब्लॅकमेल’बद्दल तुम्हाला कोणी विचारलेलं नाही. त्यातलं ‘मेल’ टपालाचं नव्हे, स्कॉटलंडच्या सीमेवर लुटारू शेतकऱ्यांकडून उकळत त्या खंडणीचं आहे.

त्याच कागदपत्रांत ‘ग्रीन सिग्नल’ असेल तर ‘ग्रीन लाइट’ करा. सिग्नल देणं हे आपलं भारतीय इंग्रजी, रेल्वेने दिलेलं. घरी खुशाल वापरा.