पत्र्याचे तुकडे वाचवण्याआधी उधारीचा हिशेब

प्रश्न : मी चिपळूण परिसरात बंगले आणि शेड यांच्या छतांवर कलर कोटेड पत्रे बसवण्याची कामे घेतो. वर्षाला साधारण ३० टन पत्रा लागतो आणि त्यातला ८ टक्के कापताना वाया जातो. छताची मापे भरली की पत्र्यांची कटिंग लिस्ट, म्हणजे कोणता पत्रा कसा कापायचा याची यादी, काढून देणारे एक सॉफ्टवेअर पाहिले आहे. त्याचे भाडे वर्षाला ६० हजार रुपये असून तीन वर्षांचे एकदम भरल्यास दीड लाख पडतात. नासाडी निम्म्यावर येईल आणि करही वाचेल, असे विक्रेता सांगतो. पत्रा डीलरकडून उधारीवर येतो, पैसे सरासरी दोन महिन्यांनी दिले जातात आणि त्यावर महिना २ टक्के लागतात. रोखीने घेतल्यास किलोमागे २ रुपये कमी पडतात, पण तेवढी रोकड हाताशी नसते. टेम्पोचे कर्ज मंजूर होताना बँकेतून एक पॉलिसी घ्यावी लागली. तिचा वार्षिक हप्ता १ लाख ८० हजार, तो १२ वर्षे भरायचा, २० वर्षांनी ४० लाख मिळणार आणि विमा १८ लाखांचा आहे. तीन हप्ते भरून झाले आहेत. या पॉलिसीवर कर्ज काढून सॉफ्टवेअर घ्यावे का? वय ३९, घरी पत्नी आणि दोन मुले, हाताखाली सहा माणसे.

उत्तर : सॉफ्टवेअर तीन वर्षांसाठी घेऊ नये, आणि पॉलिसीवर कर्ज काढून तर मुळीच घेऊ नये. मात्र आपण केवळ माहिती म्हणून लिहिलेल्या उधारीच्या आणि पॉलिसीच्या वाक्यांत जो तोटा दिसतो, तो नासाडीपेक्षा मोठा आहे.

प्रथम विचारलेल्या प्रश्नाचा हिशेब करू. ३० टनांचे ८ टक्के म्हणजे २.४ टन. पत्रा ९० रुपये किलो धरला आणि भंगाराला ३० रुपये मिळतात असे मानले, तर किलोमागे खरे नुकसान ६० रुपयांचे, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार होते. विक्रेत्याच्या शब्दाप्रमाणे नासाडी निम्मी झाली तरी ७२ हजार वाचतील आणि ६० हजार भाड्यात जातील. पण निम्मी होण्याची अपेक्षा मला भाबडी वाटते. शेडच्या दुपाखी, म्हणजे दोन बाजूंना उतरत्या, छताला आढ्यापासून (माथ्यापासून) पागोळीपर्यंत (खालच्या कडेपर्यंत) सगळे पत्रे एकाच लांबीचे लागतात; रोल फॉर्मिंग करणाऱ्याकडून, म्हणजे सपाट पत्र्याला यंत्रात नागमोडी आकार देणाऱ्याकडून, त्याच लांबीचे कापून मागवले की तिथे सॉफ्टवेअरने वाचवण्यासारखे फारसे काही उरत नाही. शिवाय साधारण १२२० मिलिमीटर रुंदीच्या कॉइलमधून (सपाट पत्र्याच्या गुंडाळीतून) छतावर झाकली जाणारी रुंदी सुमारे एक मीटरच मिळते, कारण बाकीचा पत्रा नागमोडीत आणि एकावर एक चढणाऱ्या कडेत जातो. आपल्या ८ टक्क्यांत हा भाग मोजला गेला असेल, तर तो कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येणार नाही.

चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतरत्या छताच्या, बंगल्यावर मात्र सॉफ्टवेअरचा खरा उपयोग आहे. कोनवाशापाशी, म्हणजे दोन उतरत्या बाजू तिरप्या रेषेत मिळतात तिथे, पत्रा तिरपा कापावा लागतो, आणि उरलेला तुकडा जागच्या जागी अर्धा फिरवला तर दुसऱ्या पाख्याच्या त्याच हाताच्या कोपऱ्याला लागू शकतो. कोणता तुकडा कुठे जाईल, हे आधी मांडून देणे हे सॉफ्टवेअरचे काम. त्यासाठी दोन अटी आहेत. फिरवल्यावर पत्र्याची कड शेजारच्या पत्र्यावर नीट चढली पाहिजे, आणि कापणी ग्राइंडरने झालेली नसावी, कारण ठिणग्यांनी कडेचा जस्ताचा थर जळतो आणि कोकणच्या हवेत तिथून गंज धरतो. नासाडी एक तृतीयांशाने कमी झाली, असे उदार मनाने धरले तरी ४८ हजार वाचतात, म्हणजे भाडे वजा जाता वर्षाला १२ हजारांचा तोटाच. तीन वर्षांचे एकदम भरल्यास भाडे वर्षाला ५० हजारांवर येते, पण तोटा तरीही सुटत नाही. करबचतीचे म्हणाल, तर आपल्यासारखे बहुतेक छोटे कंत्राटदार अनुमानित उत्पन्नाच्या योजनेखाली विवरणपत्र भरतात, आणि त्या योजनेत उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर कर लागत असल्याने सॉफ्टवेअरच्या खर्चाची वेगळी वजावट मिळतच नाही.

आता न विचारलेल्या गोष्टीकडे वळतो. वर्षाला २७ लाखांचा माल आणि दोन महिन्यांची उधारी, म्हणजे डीलरचे सरासरी साडेचार लाख रुपये कायम आपल्या अंगावर आहेत. महिना २ टक्के म्हणजे वर्षाला २४ टक्के. व्याज झाले १ लाख ८ हजार. रोखीची सवलत हुकते, ते ३० टनांवर ६० हजार. एकूण १ लाख ६८ हजार, म्हणजे नासाडीच्या संपूर्ण नुकसानीपेक्षाही जास्त. आणि हे देणे डोक्यावर असताना दरवर्षी १ लाख ८० हजार रुपये आपण अशा पॉलिसीत भरत आहात, जिचा परतावा वर्षाला सव्वाचार टक्के आहे. ‘२१ लाख ६० हजार भरा, ४० लाख घ्या’ हे ऐकायला दुप्पट वाटते, पण मध्ये २० वर्षे जातात हे विक्रीच्या वेळी हळू आवाजात सांगितले जाते. कर्जाच्या मंजुरीशी पॉलिसी जोडणे हे ग्राहकाच्या अडचणीचा फायदा घेणे आहे आणि ते नियमात बसत नाही. विमा कंपनीकडे लेखी तक्रार अवश्य करा, महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जाता येते. पण तीन हप्ते भरून झाल्यावर त्या तक्रारीच्या भरवशावर निर्णय अडवून ठेवू नका.

कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज पॉलिसी मोडल्यास हाती येणारी रक्कम आणि पुढचे हप्ते थांबवून ती पेड-अप केल्यास मुदतीअखेर मिळणारी रक्कम. समजा मोडल्यावर अडीच लाख मिळतात. भरलेल्या ५ लाख ४० हजारांपैकी निम्म्याहून अधिक बुडाले, याचे वाईट वाटणे साहजिक आहे; परंतु ते पैसे पॉलिसी चालू ठेवूनही परत येत नाहीत. पाहायचे ते पुढच्या पैशाचे, आणि हे अडीच लाख व उरलेले नऊ हप्ते मिळून ४० लाख देणार असतील तर तो दर पावणेसहा टक्क्यांच्या आसपास पडतो. समोर २४ टक्क्यांचे देणे उभे आहे. अडीच लाख आणि या वर्षीचा वाचलेला हप्ता मिळून ४ लाख ३० हजार होतात, म्हणजे डीलरची जवळपास सगळी उधारी फिटते. आपली रोकड कुठे गेली, याचे उत्तर इतके सरळ आहे.

मात्र पॉलिसी मोडण्याआधी एक कोटीचा मुदतीचा विमा (बचत नसलेला, मृत्यू झाल्यासच घरच्यांना रक्कम देणारा) घ्या, आणि तो हातात पडेपर्यंत जुन्याला हात लावू नका. दोन मुलांच्या घराला १८ लाख पुरणार नाहीत. आपल्या वयाला निर्व्यसनी माणसासाठी हा हप्ता साधारण २५ हजारांच्या घरात असतो. तंबाखू असल्यास आणि उंचीवरच्या कामामुळे तो वाढू शकतो, तरीही दोन्ही गोष्टी अर्जात खऱ्याच लिहा.

सहा माणसांविषयी आपण एवढेच लिहिले आहे, त्यांच्या विम्याचा उल्लेखच नाही. छतावरून पडून ३० वर्षांचा कामगार दगावल्यास कायद्यातील गणित असे आहे : मजुरी जास्तीत जास्त १५ हजार धरून तिचे निम्मे ७,५००, त्याला वयानुसारचा सुमारे २०८ हा गुणक, म्हणजे साडेपंधरा लाखांच्या वर भरपाई, आणि ती मालक म्हणून आपल्याला द्यावी लागते. बँकेने आपल्याला २० वर्षांची बचत विकली, पण ज्या विम्याची आपल्या धंद्याला उद्या सकाळी गरज पडू शकते त्याचे नावही काढले नाही. कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी या आठवड्यातच घ्या, आणि आढ्याला दोर बांधल्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नका.

उधारी फिटली तरी ती पावसाळ्याआधीच्या घाईत पुन्हा चढेल, कारण एप्रिल-मे महिन्यांत माल एकदम उचलावा लागतो आणि घरमालकांचे शेवटचे पैसे गणपती होईपर्यंत लोंबकळतात. त्यामुळे पत्र्याची ऑर्डर देण्याआधी मालाची पूर्ण किंमत आगाऊ घेण्याची अट अंदाजपत्रकातच लिहा. एखादा ग्राहक कुरकुर करील; ज्याला मालाचेही पैसे आधी देता येत नाहीत, त्याच्या छताचे व्याज आपण का भरावे? तरीही खेळते भांडवल कमी पडले, तर बँकेकडे कॅश क्रेडिटची, म्हणजे लागेल तेव्हा उचलून परत भरता येणाऱ्या कर्जाची, मर्यादा मागा. तिचा दर डीलरच्या दराच्या निम्म्याच्या आसपास असेल, आणि या वेळी सोबत पुढे केलेल्या कोणत्याही पॉलिसीच्या अर्जावर सही करू नका.

सॉफ्टवेअरचे आकर्षण तरीही सुटत नसेल, तर दिवाळीनंतर हंगाम सुरू होताना महिन्याच्या भाड्याने मिळते का ते विचारा आणि एकाच चौपाखी बंगल्यावर वापरून पाहा. आलेला पत्रा आणि उरलेले तुकडे काट्यावर तोला, आधीच्या तशाच कामाशी ताडून पाहा. महिन्याचे भाडे द्यायला विक्रेता तयार नसेल आणि तीन वर्षांच्या पैशांवरच अडून बसला असेल, तर त्याचा स्वतःच्या दाव्यावर किती विश्वास आहे ते कळेल.