कोणती टाकळी?

प्रश्न : सर, नमस्कार. मी उदगीरला एका पतसंस्थेत क्लार्क आहे. मुदत ठेवीचं व्याज काढायला छोटा प्रोग्रॅम लिहिला, नाव ठेवलं 'एफडी'. डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी पॅकेजही (प्रोग्रॅम बसवायचा गठ्ठा) बनवलं. माझ्या मशीनवर छान चालतं, पण दुसऱ्या शाखेत बसेचना. 'ही फाइल एफडीक्लोन पॅकेजमध्येही आहे' असं सांगून थांबतं. जबरदस्तीने बसवू, की पॅकेजमध्ये 'कॉन्फ्लिक्ट्स' (म्हणजे ही दोन पॅकेजं एकत्र बसू नयेत) लिहू?

उत्तर : दोन्ही नको. नाव बदला.

जबरदस्ती मी एकदा केली आहे. परभणीत मित्राच्या मशीनवर 'फोर्स-ओव्हरराइट' देऊन, म्हणजे जुन्या फाइलवर नवी लिहून, पॅकेज बसवलं. फाइलची मालकी नव्या पॅकेजकडे गेली. चार महिन्यांनी ते काढलं, तर फाइलही गेली आणि जुना प्रोग्रॅम बंद पडला. मित्राची अख्खी संध्याकाळ त्यात गेली. ते अजून मनाला लागतं.

'कॉन्फ्लिक्ट्स' लिहिलंत, तर व्याज काढणाऱ्याला एफडीक्लोन काढावं लागेल. तो बिचारा फाइली हाताळायचा प्रोग्रॅम. तुमच्या ठेवींशी त्याचं काय वाकडं? डेबियनचं धोरण स्पष्ट आहे : काम वेगळं असेल तर दोन पॅकेजांत एकाच नावाचा प्रोग्रॅम चालत नाही. कुणी बदलायचं ते आपसात ठरवा. एकमत झालं नाही तर दोघांनीही बदलायचं.

आमच्याकडे एसटीत नुसतं 'टाकळी' म्हटलं की कंडक्टर विचारतो, कोणती? टाकळी कुंभकर्ण म्हटलं की तिकीट देतो. कॉम्प्युटर विचारत नाही. 'पाथ'मध्ये, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, जो आधी सापडेल तो चालवतो. नोडजेएस या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा 'नोड' यूएसआर-बिन या फोल्डरमध्ये होता, हॅम रेडिओवाल्यांचा (हौशी बिनतारी संदेशवाल्यांचा) 'नोड' यूएसआर-एसबिनमध्ये. फाइली एकमेकींवर पडतही नव्हत्या, तरी वाद डेबियनच्या तांत्रिक समितीपर्यंत गेला आणि २०१२ मध्ये दोघांनाही नाव बदलावं लागलं : एक 'नोडजेएस', दुसरा 'एएक्स२५-नोड'.

तुमच्याच नावावर आधीही एक जण अडला आहे. फाइली शोधायचा 'एफडी' नावाचा लोकप्रिय प्रोग्रॅम डेबियनमध्ये 'एफडीफाइंड' म्हणून येतो. कारण तेच, एफडीक्लोन.

तुम्ही सरळ 'मुदतठेव' ठेवा, रोमन अक्षरांत. त्याआधी 'एपीटी-फाइल सर्च' देऊन ते नाव कुणी घेतलंय का बघा. काउंटरवरच्या बोटांना 'एफडी'चीच सवय असेल, तर ज्याच्या त्याच्या बॅशआरसीत (कमांड-खिडकीच्या सेटिंगच्या फाइलीत) अलियास, म्हणजे टोपणनाव, टाका. पॅकेजमध्ये मात्र टाकू नका.