प्रकल्पप्रमुखपदासाठी उभा राहू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगलीत गावभागात राहतो आणि पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं काम घरूनच करतो. आमच्या ग्राहकांचे सर्व्हर ओपनस्टॅकवर चालतात. ते उभारायला आम्ही जो मुक्तस्रोत प्रकल्प वापरतो, त्यात मी बरीच वर्षं पॅच (कोडमधले बदल) देत आलोय, आता कोअर रिव्ह्यूअर, म्हणजे इतरांचे बदल तपासून मंजूर करणारा, आहे. सध्याच्या प्रमुख बाई पुढच्या वेळी उभ्या राहणार नाहीत. त्यांनी आणि आणखी काहींनी माझं नाव सुचवलं. इच्छा आहे, पण साहेबांना अजून काही बोललेलो नाही. इंग्रजी लिहितो ठीक, बोलताना अडखळतो. दुसरे इच्छुक मोठ्या कंपनीतले आहेत. शिवाय ऑगस्टात कृष्णेला पाणी चढलं की आमच्याकडे वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो. २०१९ च्या महापुरात आम्हाला घर सोडून मिरजेला नातेवाइकांकडे जावं लागलं होतं. अशा माणसानं उभं राहावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : राहा. पण अर्ज भरायच्या आधी साहेबांशी बोला आणि जे ठरेल ते मेलवर लिहून घ्या. तुमच्या पत्रात मला काळजी वाटली ती एवढ्याच एका गोष्टीची.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते. ओपनस्टॅक म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर स्वतःचं क्लाउड उभारायचं सॉफ्टवेअर. २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेस यांनी ते सुरू केलं. सर्नसारखी संशोधन संस्थाही ते वापरते. त्यात नोव्हा, न्यूट्रॉन, कीस्टोन, सिंडर असे वेगवेगळे भाग आहेत. ते सगळे जुळवून, खाली डेटाबेस आणि मेसेज क्यू (भागांमधले निरोप पोचवणारी रांग) बसवून, चालू स्थितीत आणायचं काम स्वतंत्र प्रकल्प करतात : कोला-अ‍ॅन्सिबल, ओपनस्टॅक-अ‍ॅन्सिबल, ओपनस्टॅक-हेल्म. आपले वाचक अशाच एका प्रकल्पात आहेत. प्रत्येक प्रकल्पाचा एक प्रमुख असतो, त्याला पीटीएल म्हणतात, आणि दर सहा महिन्यांनी त्याची निवड होते. मत कोणाला? गेल्या दोन सहामाही आवर्तनांत ज्यांचा बदल त्या प्रकल्पात स्वीकारला गेला, त्यांना. उमेदवारही त्यांच्यातलाच लागतो. अर्ज म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. ती निवडणुकीच्या रिपॉझिटरीत (फाइलींच्या सामाईक साठ्यात) गेरिटवरून, म्हणजे बदल तपासायच्या संकेतस्थळावरून, आपण पॅच पाठवतो तशीच पाठवायची.

आता मोठ्या कंपनीतल्या उमेदवाराबद्दल. बहुतेक प्रकल्पांत एकच अर्ज येतो आणि तो बिनविरोध निवडून येतो. कोणीच आलं नाही तर सगळ्या ओपनस्टॅकवर देखरेख करणारी टेक्निकल कमिटी कोणाची तरी नेमणूक करते. खरी अडचण माणसं मिळत नाहीत ही आहे. दोन अर्ज आले तर कॉन्डॉर्से पद्धतीनं मतदान होतं, म्हणजे मतदार उमेदवारांना पसंतीचा क्रम देतात. मोठ्या कंपनीतल्या गृहस्थांनाही मनापासून शुभेच्छा द्या. ते निवडून आले तरी तुमची कोअर रिव्ह्यूअरची जागा जात नाही. पण कंपनी छोटी म्हणून मागे सरू नका. ट्रिपलओ हा असाच उभारणीचा प्रकल्प होता आणि त्यातलं बहुतेक काम रेड हॅट या मोठ्या कंपनीच्या लोकांचं होतं. कंपनीनं वेगळी वाट धरली आणि २०२३ मध्ये प्रकल्पाचं काम थांबलं. ती माणसं हुशार होती, मेहनती होती. सगळी एकाच छताखाली होती, इतकंच. तुमच्यासारखा माणूस, जो दोन-चार ग्राहकांचं क्लाउड स्वतः चालवतो आणि रात्री स्वतःच उठून दुरुस्त करतो, तो प्रमुखपदी असणं प्रकल्पाच्या तब्येतीला चांगलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

साहेबांकडे जाल तेव्हा ‘मला मान मिळतोय’ असं सांगू नका. हिशेब सांगा. तुमच्या कंपनीचे काही बदल मूळ प्रकल्पात गेलेले नसणार. ते दर नव्या आवृत्तीला तुम्ही हातानं पुन्हा बसवता. त्यात किती दिवस जातात ते काढा. ते बदल मूळ प्रकल्पात गेले की ते दिवस वाचतात. त्या बदल्यात आठवड्यातला एक पूर्ण दिवस आणि आवृत्ती निघायच्या आठवड्यांत दोन दिवस मागा. साहेब ‘कर की रात्री, कोण अडवतंय’ म्हणाले तर या वेळी उभे राहू नका, हे मी स्पष्ट सांगते. साताऱ्यात शाहूपुरीतल्या घरून मी याच क्षेत्रातल्या एका प्रकल्पाचं प्रमुखपद सांभाळलं आहे. माझ्या वेळी कंपनीनं तास लिहून दिले होते, म्हणून ते झेपलं. या पदाला कोडवर हुकमत नसते. इतर कोअर रिव्ह्यूअर तुमच्या पॅचवरही उणे एक (नापसंतीचं मत) देऊ शकतात आणि द्यावंच. हाताशी असतो तो वेळ. कोणाचा पॅच अडून राहिलाय ते बघायचं, झूलमधली (आपोआप चाचण्या घेणाऱ्या यंत्रणेतली) चाचणी रात्रीत का मोडली ते शोधायचं, आवृत्ती काढणाऱ्या टीमला वेळेवर उत्तर द्यायचं, बग (सॉफ्टवेअरमधले दोष) नीट लावायचे. हे पेंगत होत नाही.

इंग्रजीचं मनावर घेऊ नका. साप्ताहिक बैठक आयआरसीवर, म्हणजे लेखी गप्पांच्या जागी, असते, सगळं लिहून. बॉट नोंद ठेवतो, न आलेला माणूस दुसऱ्या दिवशी वाचतो. बोलावं लागतं ते मुख्यतः पीटीजीच्या, म्हणजे पुढच्या आवृत्तीचं नियोजन करायच्या मेळाव्याच्या, ऑनलाइन चर्चेत. तिथे मुद्दे आधीच सामाईक कागदावर लिहून ठेवायची पद्धत आहे, ती तुम्ही जास्त नेटानं पाळा. हळू बोलणाऱ्याचं लोक ऐकून घेतात. आणि बैठकीची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठरते हे लक्षात ठेवा : १५ वाजता म्हणजे आपल्याकडे साडेआठ, जेवणाची वेळ. प्रमुख झालात तर वेळ बदलायचा प्रस्ताव जरूर मांडा, त्यात संकोच नको.

पुराचा मुद्दा तुम्ही मोकळेपणानं लिहिलात ते बरं केलंत. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की आधी घरची माणसं, मग सगळं. पण वेळापत्रक बघा. मुख्य आवृत्ती साधारण एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या सुमारास निघते. उभारणीचे प्रकल्प तिच्या मागून चालतात, त्यांना तीन महिन्यांपर्यंत मुभा असते. म्हणजे ऑगस्टात नोव्हा-न्यूट्रॉनवाल्यांची घाई असते. तुमची खरी घाई ऑक्टोबरनंतर, नेमकी दिवाळीच्या आसपास. घरच्यांना त्याची कल्पना द्या. तरीही कामं वाटून ठेवाच. आवृत्तीचं काम एकाकडे, सुरक्षेच्या खासगी बगचं दुसऱ्याकडे, चाचण्यांचं तिसऱ्याकडे. २०२० पासून याला रीतसर मार्गही आहे : प्रमुख न नेमता अशा जबाबदाऱ्या वाटून घेणारी टीम टेक्निकल कमिटीला मान्य आहे. तुमच्या लोकांना ते पटलं तर तोही पर्याय चांगलाच.

उमेदवारीच्या मजकुरात काय लिहावं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला त्यावर सांगायचंच आहे. नव्या सोयींची यादी नको. अपग्रेडबद्दल लिहा. उभारणी एकदा होते, अपग्रेड जन्मभर. आवृत्तीच्या आकड्यात आधी वर्ष, मग त्या वर्षातली पहिली की दुसरी ते असतं. २०२३.१ पासून एक आवृत्ती वगळून पुढच्या .१ वर जाता येतं : २०२३.१, मग २०२४.१, मग २०२५.१. छोट्या कंपन्या याच वाटेनं जातात, म्हणून ही वाट प्रत्येक वेळी चाचणीत धावली पाहिजे असा आग्रह तुम्ही धरा. रॅबिटएमक्यू या मेसेज क्यू चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचंच घ्या. त्याच्या ४.० आवृत्तीत जुन्या मिरर्ड क्यू (निरोपांच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवणाऱ्या रांगा) काढून टाकल्या. म्हणजे त्याआधी, त्या वापरून क्लाउड चालवणाऱ्या प्रत्येकाला क्वोरम क्यू या नव्या प्रकारावर जावं लागतं आणि त्यासाठी सेवा काही वेळ थांबवाव्या लागतात. हे कोणत्या क्रमानं करायचं, मध्येच अडकलं तर काय, हे कागदपत्रांत स्पष्ट असलं की एखाद्या जिल्ह्याच्या गावातला एकटा इंजिनिअर रात्री दोन वाजता रडकुंडीला येत नाही. तो इंजिनिअर डोळ्यांसमोर ठेवून तुमचा मजकूर लिहा. मोठ्या कंपन्यांकडे विचारायला माणसं असतात, त्याच्याकडे फक्त तुमचं पान असतं.

आणखी एक काम सांगते, निवडून आलात किंवा नाही तरी करा. वालचंद कॉलेज तुमच्याच गावात आहे. तिथल्या चार मुलांना एका शनिवारी बसवा, लाँचपॅड या बगच्या नोंदवहीतले सोपे म्हणून खूण केलेले बग दाखवा, गेरिटचं खातं उघडून द्या. पहिल्या पॅचला उत्तर दोन दिवसांत मिळालं तर मूल टिकतं. महिनाभर कोणी बघितलंच नाही तर ते पुन्हा फिरकत नाही. पुढचा प्रमुख कुठून यायचा, तर इथूनच.

प्रश्न : माझा मुलगा पुण्याला नोकरी करतो. रात्री उशिरापर्यंत असंच कसल्यातरी प्रकल्पाचं बिनपगारी काम करतो आणि आता त्याची निवडणूक लढवणार म्हणतो. निवडून आला तर पगार मिळतो का? नसेल तर उपयोग काय?
— एक वडील, कराड

उत्तर : काका, या पदाला प्रकल्पाकडून पगार मिळत नाही. बहुतेक प्रमुख कुठल्या ना कुठल्या कंपनीचे नोकर असतात आणि कंपनी त्यांना या कामाला वेळ देते. उपयोग मात्र नक्की आहे. त्यानं लिहिलेली प्रत्येक ओळ, इतरांच्या कामावर दिलेलं प्रत्येक मत, त्याच्या नावानं कायम उघडं राहतं. नोकरी देणारा ते वाचू शकतो, आणि तुम्हीही बघू शकता. पुढच्या वेळी तो घरी येईल तेव्हा त्याला लॅपटॉप घेऊन शेजारी बसवा आणि ‘तुझं काम दाखव’ म्हणा. त्याला बरं वाटेल. मग विचारा, की कंपनीनं यासाठी किती तास दिलेत. उत्तर ‘शून्य’ आलं, तर वरचं सांगलीकरांना लिहिलेलं उत्तर त्यालाही वाचायला द्या, विशेषतः साहेबांबद्दलचा भाग.