ओहोटीची शेव आणि दगडातल्या रेघा

प्रश्न: आमच्याकडे पुळणीवर ओहोटीला वाळूची बारीक शेवेसारखी वेटोळी दिसतात, मुलगा म्हणतो ती किड्याची शी आहे. त्याच्या पुस्तकात एका दगडावर नागमोडी रेघांचा फोटो आहे, खाली लिहिलंय की करोडो वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी किडा चरत होता त्याची खूण. किडा तर उरलाच नाही, मग तो चरत होता हे कसं कळलं?
– एक वाचक, गुहागर

उत्तर: मुलगा बरोबर आहे, ती शीच. असले किडे वाळूत बीळ करून बसतात, तोंडाने वाळू गिळायची, त्यातलं खाण्याजोगं पोटात ठेवायचं आणि उरलेली मागून वर ढकलायची, आपण सोऱ्यातून शेव पाडतो तस्सं. भरती आली की सगळं साफ.

दगडातल्या रेघांचं म्हणाल तर किडा मऊ, तो कुजून गेला, पण गाळात त्याने केलेली वाट वरून दुसरा गाळ बसल्यामुळे टिकली नि पुढे दगड झाली. ती वाट नीट बघा. बागेत ग्रासकटर मारणारा माणूस बांधापर्यंत जातो, वळतो आणि आधीच्या पट्ट्याला लागूनच परत येतो ना, अगदी तशी असते. नुसता भटकायला निघालेला किडा असं कशाला करेल? खाऊन झालेल्या गाळात परत तोंड घालून उपयोग नाही, आणि मध्ये जागा सोडली तर तेवढं खाणं फुकट गेलं. १९६९ मध्ये राउप आणि झायलाखर या दोन जीवाश्म-अभ्यासकांनी कॉम्प्युटरला एवढंच शिकवलं, की आपली जुनी वाट ओलांडायची नाही, तिच्यापासून लांबही जायचं नाही आणि अधूनमधून उलटं वळायचं, तर दगडात असतात तसलीच नक्षी निघाली! म्हणजे किड्याला फार डोकं लागत नाही, दोन-तीन सवयी पुरतात.

सगळेच असे चरत नाहीत म्हणा. लाटांच्या पट्ट्यात बिळं बहुतेक उभी, कारण खाणं पाण्यातूनच वाहत येतं, आत लपून बसलं की झालं. खोल शांत समुद्रात ते तळावर बसतं, म्हणून तिथे आडव्या वाटा जास्त. कॉन्ड्रायटिस नावाची बिळं तर झाडाच्या मुळांसारखी फुटत जातात, पूर्वी लोक त्यांना शेवाळच समजायचे. आणि हो, हे नाव बिळाचं, किड्याचं नाही, बीळ नेमकं कुणी केलं ते बहुतेक वेळा कळतच नाही.

फक्त जांभ्यातली भोकं बघून मला फोटो पाठवू नका, ती किड्यांची नव्हेत. आपला काळा कातळ लाव्हाचा, त्यातही हे मिळायचं नाही. कच्छला गेलात तर मात्र मुलाला घेऊन जा, तिथल्या ज्युरासिक काळातल्या समुद्री दगडांत अशी बिळं भरपूर आहेत.