ओपन किचनसमोरची जागा घ्यावी का?

आधुनिक युरोपियन पद्धतीच्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदाच जाताय, बुकिंग करताना 'काउंटर की टेबल' (काउंटर म्हणजे किचनसमोरच्या ओट्याला लागून बसायची जागा) असं विचारलं गेलंय, आणि ओपन किचन, म्हणजे जेवणाऱ्यांना समोर दिसणारं उघडं स्वयंपाकघर, हा नुसता दिखावा तर नाही ना, अशी शंका आहे. दोघंच जात असाल तर डोळे मिटून काउंटर घ्या. चौघं असाल तर टेबल बरं, कारण काउंटरला एका ओळीत बसून टोकाच्या माणसाशी बोलणं होत नाही.

दिखाव्यापुरतं किचन उघडं ठेवणाऱ्या जागा आहेतच. पण जिथे हे मनापासून केलेलं असतं, तिथे किचन बघणं हा जेवणाचाच भाग होतो. फ्रेंच शेफ जोएल रोबुशाँ यांनी २००३ मध्ये पॅरिसमध्ये 'लातेलिए' हे रेस्टॉरंट सुरू केलं, ते जपानचे सुशी बार आणि स्पेनचे तापास (छोट्या खाण्याच्या डिश) बार डोळ्यांसमोर ठेवून. किचनभोवती काउंटर आणि त्याला लागून उंच खुर्च्या. तीन मिशेलिन स्टार, म्हणजे रेस्टॉरंटांना मिळणारा सर्वोच्च दर्जा, मिळवून बसलेल्या शेफने पांढरे टेबलक्लॉथ सोडून लोकांना किचनसमोर आणून बसवलं, याचा परिणाम पुढे जगभर दिसला.

बसलात की नजर आधी ज्वाळांकडे जाईल. ती तिथून काढून पासकडे न्या. पास म्हणजे किचन आणि डायनिंगच्या मधला लांब ओटा, ज्यावर अन्न गरम ठेवणारे दिवे टांगलेले असतात. तिथे उभी असलेली व्यक्ती बहुतेक वेळा स्वतः काहीच शिजवत नाही. आलेली ऑर्डर ती मोठ्याने वाचते, आणि वेगवेगळ्या स्टेशनांवरून (मासा, मांस, सॅलड अशा एकेका कामाच्या जागांवरून) एका सुरात 'वी शेफ', म्हणजे फ्रेंचमध्ये 'हो, शेफ', ऐकू येतं. समजा एका टेबलावर मांसाला वीस मिनिटं लागणार, माशाला सहा, सॅलडला दोन. तिन्ही प्लेट एकाच वेळी पासवर यायच्या असतात, म्हणून मांसवाला आधी लागतो, मासेवाला हाक येईपर्यंत थांबतो. कामाची ही वाटणी फ्रेंच शेफ ओग्युस्त एस्कोफिए यांनी १८९० च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात बसवली. किचनमधला आरडाओरडा त्यांना अजिबात खपत नसे. चांगल्या ओपन किचनमध्ये आजही आवाज फारसा चढत नाही, आणि मी तरी जागेची पारख त्यावरूनच करतो.

माशाच्या स्टेशनवरची एक गोष्ट जरूर बघा. मासा कातडीच्या बाजूने तव्यावर असतो. शेफ तवा आपल्याकडे कलता धरून फेसाळलेलं लोणी चमच्याने वर सोडत राहतो. मग एक बारीक धातूची सळई माशाच्या सर्वांत जाड भागात घालतो, काही सेकंद थांबतो आणि ती काढून खालच्या ओठाला लावतो. सळई नुसती कोमट लागली की मासा झाला. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. हे समोर बघितल्यावर मासा मधोमध किंचित काचेसारखा का दिसतो, ते सांगावं लागत नाही. तो कच्चा राहिलेला नसतो, तिथेच थांबवलेला असतो. बदकाची गुलाबी छातीही तशीच. तरीही नको वाटलं तर जास्त शिजवून मागा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. आणि मांसाचा तुकडा जाळीवर दहा मिनिटं पडून दिसला तर तुमची ऑर्डर विसरले असं समजू नका. रस आत मुरावा म्हणून त्याला विसावा दिलेला असतो.

एवढी जुळवाजुळव त्या मिनिटासाठी असते, म्हणून प्लेट आली की खायला सुरुवात करा. फोटो एक काढा, सहा नको. लोण्याचा सॉस प्लेटमध्ये बघता बघता थंड होऊन फुटतो. उठायचं असेल तर आधीची प्लेट उचलली की लगेच उठा. नवे काटे-चमचे मांडले गेले, याचा अर्थ तुमची पुढची डिश चुलीवर चढली आहे. तेव्हा उठलात तर ती पासवर ताटकळते. खाऊन झालं की सुरी आणि काटा शेजारी शेजारी ठेवा. वेटरला तेवढी खूण पुरते, आणि किचनला पुढच्या कोर्सची हाकही त्यावरूनच जाते.

ॲलर्जी, शाकाहार, काही वर्ज्य असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. एकदा माझ्यासोबतच्या मैत्रिणीने बसल्यावर सांगितलं. त्यांनी तिच्यासाठी तीन डिश बदलून दिल्या, पण त्या घाईने उभ्या केलेल्या होत्या, आणि शेजारी माझ्या प्लेट बघून मलाच अवघडल्यासारखं झालं. दोन दिवस आधी कळवलं असतं तर त्याच किचनने तिच्यासाठी वेगळा विचार केला असता. शाकाहाऱ्यांनी नुसतं 'मांस नको' म्हणून थांबू नये. रिसोतो या इटालियन भातात बहुधा कोंबडीचा स्टॉक (हाडं उकळून काढलेलं पाणी) असतो, पन्ना कोत्ता या गोड पदार्थात सहसा प्राण्यांपासूनचं जिलेटिन, आणि अस्सल पार्मिजानो रेज्जानो हे इटालियन चीज तर वासराच्या रेनेटशिवाय (पोटातून काढलेल्या, दूध गोठवणाऱ्या द्रव्याशिवाय) बनतच नाही. ही तीन नावं घेऊन विचारलंत की त्यांना तुमची मर्यादा नेमकी कळते.

जागा मागताना पाससमोरची मागा. ग्रिलला लागून बसलात तर कपड्यांना धुराचा वास राहतो, आणि भांडी घासण्याच्या बाजूला आवाज फार. कपड्यांची काळजी करू नका, नीटनेटके असले की झालं. ब्रेड मात्र जपून खा. तो इतका चांगला असतो की टेस्टिंग मेन्यूच्या (शेफने ठरवलेल्या, एकामागून एक येणाऱ्या छोट्या डिशच्या) पाचव्या कोर्सला पोट भरून जातं.

शक्य असेल तर उशिराची वेळ घ्या. गोड येईपर्यंत ऑर्डरच्या चिठ्ठ्या थांबलेल्या असतात, स्टेशनं घासून पुसून निघत असतात, आणि मघापर्यंत मान वर न काढणारी मंडळी आता पाणी पीत उभी असतात. तेव्हा बोला. मासा कोणी केला म्हणून विचारलंत की ते वळून एखाद्या पोरसवदा मुलाकडे किंवा मुलीकडे बोट दाखवतील. जे आवडलं ते थेट त्यांनाच सांगा.