फी वाढते ती कोणत्या रकान्यात?

प्रश्न : दिल्लीच्या जेएनयूत (जवाहरलाल नेहरू विद्यापीठात) वसतिगृहाचं खोलीभाडं महिना दहा-वीस रुपये होतं. ते तीनशे-सहाशे केलं तर २०१९ मध्ये एवढा गदारोळ कशासाठी? (निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे)

नुसत्या भाड्याचं म्हणाल तर मान्य. दोघांच्या खोलीचे दहाचे तीनशे, एकट्याच्या खोलीचे वीसचे सहाशे. मुलांची टिंगल करायला हे आकडे फार सोयीचे होते. पण वसतिगृहाच्या त्याच नव्या नियमावलीच्या मसुद्यात दरमहा १,७०० रुपये सेवाशुल्क नव्याने घातलं होतं, वीज-पाणी वेगळंच. मेसचा आचारी, सफाई कामगार यांच्यावरचा जो खर्च विद्यापीठ उचलत होतं, तो आता मुलांच्या खिशातून निघणार होता. नुसत्या सेवाशुल्काचेच वर्षाला २०,४०० रुपये. आणि विद्यापीठाच्याच २०१७-१८ च्या अहवालाप्रमाणे त्या वर्षी प्रवेश घेतलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के मुलं महिना १२,००० रुपयांहून कमी कमाईच्या घरांतली. खासगीकरण म्हटलं की आपल्याला संस्था विकायला काढल्याची पाटी दिसते. पाटी वगैरे काही लागत नाही, पावतीवर एक रकाना वाढतो. नोव्हेंबरात काही सवलती जाहीर झाल्या, तरी मुलं हटली नाहीत. २४ जानेवारी २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयाने, ज्यांची नोंदणी राहिली त्यांना जुन्याच दराने ती करू द्या, असा अंतरिम आदेश दिला.

प्रश्न : संप करून फीवाढ खरंच मागे गेलीय कुठे? की आमचं वर्षच वाया? (तृतीय वर्ष, सांगली)

गेलीय. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात २०१२ मध्ये. वर्षाची फी २,१६८ डॉलरवरून पाच वर्षांत ३,७९३ वर न्यायची होती. फेब्रुवारीपासून संप, संपाची खूण म्हणून छातीवर लाल कापडाचा चौकोन. मे महिन्यात सरकारने मोर्चांवर बंधनं घालणारा कायदा केला आणि तिथेच फसलं, कारण मग आजीबाईसुद्धा रात्री पातेली बडवत रस्त्यावर आल्या. सप्टेंबरच्या निवडणुकीत सरकार पडलं, वाढ रद्द झाली. पुढच्याच वर्षी नव्या सरकारने दरसाल सुमारे तीन टक्के वाढ लावली, हेही सांगायला हवं. वर्ष वाया जाण्याची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही.

प्रश्न : आमच्याच कॉलेजात विनाअनुदानित तुकडीला जास्त फी का? (पालक, लातूर)

अनुदानित तुकडीच्या प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, तुमच्या तुकडीचा तुम्ही.

प्रश्न : मुलींना इंजिनिअरिंग मोफत म्हणतात, मग ही पावती कसली? (आई, जालना)

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींसाठी आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. तुम्ही पाठवलेल्या पावतीत मोठा आकडा वसतिगृह, मेस आणि बसचा आहे, तो यात बसत नाही. पण तिसऱ्या ओळीत ‘इतर’ म्हणून जे लिहिलंय, त्याची फोड कॉलेजकडे लेखी मागा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.