डॉक्टरांना विचारा : कोयत्याची जखम, बॉम्बची जखम

प्रश्न : आमचे चिरंजीव देवगडला सर्जन आहेत. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’तर्फे युद्ध चालू असलेल्या देशात, जमल्यास सुदानला, जायचं म्हणतात. इथून काय शिकून जावं? – एक वाचक, देवगड

उत्तर : देवगडात त्यांच्याकडे कोयता लागलेला माणूस येतो. जखम धुतली, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, घरी पाठवला. ही सवय तिथे जिवावर बेतते. बॉम्बचा तुकडा आत शिरताना कपड्याच्या चिंध्या आणि माती घेऊन जातो, वाटेतला स्नायूही मारतो. वरून भोक एवढंसं, आत पोकळी. ती पहिल्या दिवशी शिवली की मेलेल्या स्नायूत प्राणवायू पोचत नाही; धनुर्वात आणि गॅस गँगरीनच्या जंतूंना तेच हवं असतं.

म्हणून मेलेला भाग आधी कापून काढायचा. स्नायूचा रंग बघायचा, चिमट्यात धरल्यावर आकसतो का, बोटाला घट्ट लागतो की लिबलिबीत, कापल्यावर रक्त येतं का, हेही बघायचं. कातडी मात्र काटकसरीने कापावी, नंतर झाकायला तीच लागते. भरपूर सलाइनने धुऊन वर जाड, फुगीर, कोरडं गॉझ ठेवायचं. ठासून भरलं तर स्राव आत कोंडतो. मग चार-पाच दिवस ड्रेसिंगला हात लावायचा नाही. रोज पट्टी बदलायची आपल्याकडे भारी हौस. तिथे उघडाल तितके नवे जंतू. ताप चढला, घाण वास आला किंवा रक्त झिरपलं तरच सोडायची. पाचव्या दिवशी जखम स्वच्छ दिसली की टाके. चेहरा आणि डोक्याची कातडी अपवाद. तिथे रक्तपुरवठा मुबलक, त्यामुळे साफ करून लगेच शिवता येतं.

लढाई चालू म्हणून बाळंतपणं थांबत नाहीत. सिझेरियन बहुतेकदा सर्जनलाच करावं लागतं, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या हाताखाली उभं राहून हात बसवून घ्यावा. केटामाइन या भुलीच्या औषधाचीही ओळख हवी : शिरेतून किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम. पेशंटचा श्वास सहसा चालू राहतो, म्हणून साधनं तुटपुंजी असली तरी निभतं. वीज गेल्यावर काम कसं रेटायचं, हे कोकणातल्या डॉक्टरला शिकवायला नको.

प्रश्न : लसींचं काय? – त्याच वाचकाचा

उत्तर : पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी. प्रमाणपत्र जपून ठेवायचं. सुदानहून परतताना ते नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवतात.